सहावा वेढा

४ मार्च, सोमवार

अकरावं तक्रारपत्र! एकाच मापाच्या, एकाच सुमारास बनलेल्या गाद्या. तक्रारही एकच — मध्ये खड्डा पडतो. हे अकरावे गृहस्थ लिहितात, "आम्ही उभयता रात्री दोन काठांना झोपतो आणि सकाळी मध्यभागी भेटतो. लग्नाला एकतीस वर्षं झाली. आता इतक्या गाठीभेटींची गरज राहिलेली नाही."

माझं ठरीव उत्तर तयार असतं. गादी अंगवळणी पडते, बोटभर दबणं हा दोष नव्हे, दर तीन महिन्यांनी उशाची बाजू पायथ्याला करावी, कळावे. आज ते लिहवेना. अकरा माणसं एका सुरात खोटं बोलत नाहीत. अकरा माणसं एका सुरात गातसुद्धा नाहीत.

गादीच्या पोटात नेमकं काय असतं, हे मला ठाऊक नाही. वर्ष झालं इथे येऊन! शाळेतला संस्कृतचा वर्ग बंद पडला, मेहुण्यांनी (हिचे थोरले भाऊ) मालकीणबाईंकडे शब्द टाकला आणि मी या कारखान्याच्या पत्रव्यवहाराच्या टेबलाशी येऊन बसलो. मेहुणे स्प्रिंग विभागात, तार वळायच्या मशीनवर, बत्तीस वर्षं. त्यांच्या विभागात मी फार तर चारदा गेलो असेन. आवाज फार. भाषेवर भागत होतं.

५ मार्च, मंगळवार

परत आलेली एक गादी मालकीणबाईंनी गोदामात उघडायला लावली. कडेची पट्टी उसवली. वरचं कापड, फोम, त्याखाली घोंगडीसारखा दाट थर — आणि मग सांगाडा. पहिल्यांदाच पाहिला. ओळीने उभ्या स्प्रिंगा, प्रत्येक डमरूसारखी — वरखाली रुंद, कमरेत बारीक. शेजारणीला शेजारीण बारीक पीळदार तारेने जखडलेली. मला वाटायचं, प्रत्येकीची उडी स्वतंत्र असेल. छे! एकत्र कुटुंब आहे. एक दबली की आजूबाजूच्या चौघी वाकतात.

सहा महिन्यांपूर्वी लागलेली इंजिनीअर मुलगी गुडघ्यांवर बसून बोटाने तारेचे वेढे मोजत होती. एक स्प्रिंग, दुसरी, दहावी.

"मॅडम, वेढे पाचच आहेत. नकाशात सहा आहेत."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

मेहुण्यांना बोलावलं. ते हात पुसत आले.

"वेढा कोणी कमी केला?"

"मी."

"कोणाला विचारून?"

"कोणाला नाही."

"का?"

मेहुणे उघड्या गादीकडे बघत म्हणाले, "केला."

पाच वेढ्यांची स्प्रिंग लवकर वळून होते. पाळीचा आकडा लवकर भरतो. हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांच्या डोक्यात एकदमच आलं. माझ्याही आलं, हे इथे लिहून ठेवतो.

६ मार्च, बुधवार

मेहुण्यांना कामावरून कमी करणार. महिनाअखेरीस. तोवर नवा माणूस बघतील. पत्र लिहायचं काम माझ्याकडे!

"गुरुजी, भाषा सौम्य असू द्या," मालकीणबाई म्हणाल्या. "बत्तीस वर्षं आहेत त्यांची."

सौम्यपणे गळा कापणे — यासाठी संस्कृतात एखादा समास असणार. मला आठवला नाही, आणि आठवावासाही वाटला नाही.

घरी हिला सांगितलं. ही शिवणाच्या मशीनवर होती. गिऱ्हाइकाचे पडदे. पाय थांबला.

"दादाला काढायचं पत्र तुम्ही लिहिणार?"

"ठरवलं त्यांनी. मी नुसतं लिहिणार."

"ज्याच्या शब्दावर चिकटलात, त्याचाच शब्द खाली पाडणार. नुसतं लिहून!"

"त्यांनी स्वतः कबूल केलंय. वेढा कमी केला म्हणाले."

"केला असेल तर काहीतरी कारण असेल. दादा कारणाशिवाय शिंकत नाही."

७ मार्च, गुरुवार

हिचं बोलणं बंद. शिवणाचं मशीन चालू.

९ मार्च, शनिवार

पाळी सुटल्यावर मेहुण्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसून शेजाऱ्यांचा पंखा दुरुस्त करत होते. स्वतःचा कधीच दुरुस्त करून झालेला असतो.

"या, जावईबापू! पत्र आणलंत? ऱ्हस्वदीर्घ नीट बघा हो, मला वाचायचंय."

"वेढा का कमी केलात?"

"आळस."

"तुम्ही? आळस?"

"वय झालं की येतो."

"दादा, मी थट्टा करायला आलेलो नाही."

"मग थट्टा मी करतो, तुम्ही बसा." पंख्याचं पातं फिरवून पाहिलं. "पत्रात काय लिहिताय? आळस की हलगर्जीपणा?"

"अजून ठरलेलं नाही."

"हलगर्जीपणा लिहा. जरा भारदस्त वाटतं."

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. त्या हळूच म्हणाल्या, "जेवण जात नाही त्यांना." एवढंच.

खोटं बोलताहेत. पण मला खोटं वाटणं हा काही पुरावा नव्हे. स्प्रिंग काय असते हे न समजता मी त्यांच्यावरचा आरोप लिहिणार — न वाचलेल्या ग्रंथाचं परीक्षण लिहावं तसं! (तेही केलंय म्हणा, तरुणपणी.)

११ मार्च, सोमवार

इंजिनीअर मुलीला म्हणालो, मला स्प्रिंग शिकव. तिला वाटलं, मी तिची फिरकी घेतोय. मग शिकवलं, जेवणाच्या सुट्टीत, कागदावर काढून.

लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. पोरांना हेच सांगायचो.

स्प्रिंग दाबली की तार वाकते असं आपल्याला दिसतं. खरं तर ती पिळली जाते — ओला टॉवेल पिळावा तशी, पण अगदी थोडी. हात काढला की पीळ उलगडतो आणि स्प्रिंग उभी राहते. 'स्थितिस्थापकत्व' हा शब्द मी तीस वर्षं व्युत्पत्तीसकट फळ्यावर लिहिला. तो उडी मारून उभा राहताना आज पहिल्यांदा पाहिला.

"वेढे जास्त तर स्प्रिंग जास्त कडक, बरोबर?" मी विचारलं.

"उलट, सर. वेढे जास्त म्हणजे तार लांब. पीळ वाटून घ्यायला जागा जास्त. म्हणून मऊ. वेढा काढला की कडक होते."

"म्हणजे पाच वेढ्यांची गादी फळीसारखी लागायला हवी?"

"हो. पण प्रत्येक वेढ्यावर ताण जास्त. सोसण्यापलीकडे ताण गेला की तार पुन्हा पूर्ण उठत नाही. रोज थोडीथोडी बसत जाते. तोच खड्डा."

टेबलाशी येऊन अकराही पत्रं पुन्हा वाचली. खड्डा सगळ्यांनी लिहिलाय. नवी गादी फार कडक लागली असं एकानेही लिहिलेलं नाही! एक बाई तर लिहितात, पहिले दोन महिने अगदी हवी तशी होती.

मग कडकपणा गेला कुठे?

१३ मार्च, बुधवार

नमुन्यांच्या कपाटातून सहा वेढ्यांची जुनी स्प्रिंग आणि उघडलेल्या गादीतली, पण कडेच्या रांगेतली, न बसलेली पाच वेढ्यांची — अशा दोन्ही पिशवीत घालून घरी आणल्या. (परवानगीने. आरोपांची साथ आहे सध्या.)

स्वयंपाकघरातला वजनकाटा ओट्यावर ठेवला. त्यावर स्प्रिंग उभी केली, वर लाकडी फळी, आणि शेजारी खूण करून ठेवलेल्या उंचीपर्यंत दाबली. सहा वेढ्यांची — काटा तीन किलोवर. पाच वेढ्यांची दाबली. मुलीच्या हिशेबाने काटा साडेतीनच्या पुढे जायला हवा. तो तीनच्याही किंचित अलीकडे! पुन्हा दाबली. पुन्हा तेच. सात वेळा.

ही दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "काटा पिठाचा आहे."

सहा दिवसांतलं पहिलं वाक्य. व्याकरणदृष्ट्या निर्दोष.

मी म्हणालो, "यातून तुझ्या दादाचं काहीतरी निघेल असं वाटतंय." तिने फळी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः दाबली. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर. तीनला थोडं कमी!

वेढा काढला तरी स्प्रिंग कडक झाली नाही. म्हणजे कमजोर वेढा नव्हे — तारच कमजोर आहे.

१४ मार्च, गुरुवार

मुलीने दोन्ही तारा मापून पाहिल्या. एकदा. मग चष्मा पुसून पुन्हा.

"सर, पाच वेढ्यांची तार आपल्या नेहमीच्या तेरा नंबरची नाही. साडेतेरा आहे!"

"मग चांगलंच की. अर्ध्याने जास्त."

"नाही सर. नंबर वाढला की तार बारीक होते. तार साच्यांतून ओढून ओढून बारीक करत नेतात, तसा नंबर चढत जातो. साडेतेरा म्हणजे तेरापेक्षा बारीक."

मी स्टुलावर बसलो.

"सर? पाणी आणू?"

पाणी नको होतं. फाईल हवी होती.

मागच्या मे महिन्यातलं पत्र. तारेच्या कारखान्याला. "यापुढील मागणीत तेराऐवजी साडेतेरा क्रमांकाची तार पाठविण्याची व्यवस्था व्हावी, ही विनंती." खाली माझी सही, लपेटीसकट. मागे टाचणीने लावलेली चिठ्ठी, मेहुण्यांच्या हातची — "गाद्या थोड्या कडक हव्यात असं दुकानदार म्हणतात. पुढची तार अर्धा नंबर जाड मागवा."

'अर्धा नंबर जाड' हे मला ओबडधोबड वाटलं होतं. आठवतंय! व्यवहाराच्या पत्रात नेमका आकडा हवा म्हणून मी तेरात अर्धा मिळवला. जाड म्हणजे मोठं, मोठं म्हणजे अधिक. कोणाला विचारलं नाही. पन्नास पावलांवर मशीन होतं, तिथे आवाज फार म्हणून गेलो नाही. त्यांना हवी होती साडेबारा. मी मागवली साडेतेरा.

१५ मार्च, शुक्रवार

आज लिहिण्यासारखं काही नाही.

खोटं. आहे. लिहवत नाही.

१७ मार्च, रविवार

सकाळीच मेहुण्यांकडे. चिठ्ठी आणि पत्राची नक्कल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"कळलं म्हणायचं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तारेचं भेंडोळं मशीनला लावलं तेव्हाच. जावईबापू, बत्तीस वर्षं तार बोटांतून जातेय. बायको मागून आली तर एखादवेळी चुकेन, तार नाही चुकणार." आतून वहिनींचा आवाज, "ऐकतेय मी!"

"मग बोलला का नाहीत?"

"सगळा माल उतरवून गाडी परत गेली होती. ते माल परत घेत नाहीत. तुमच्या आधीचा पत्रवाला एका चुकीच्या पत्त्यावरून घरी गेला. तुम्ही तर सहा महिन्यांच्या बोलीवर. शाळा सुटलेली. बहीण दिवसभर पडदे शिवतेय. मग म्हटलं, बारीक तार मऊ, वेढा काढला की कडक. दोन्हीची फिट्टंफाट. दाबून पाहिली. हाताला अगदी बरोबर लागली."

"आणि बसली."

"हाताला आजचं कळतं. चार महिन्यांनंतरचं नाही कळत. ते विसरलो."

"मला तरी सांगायचं!"

"सांगून काय? तुम्ही चार पानी माफीपत्र लिहिलं असतंत आणि तिसऱ्या दिवशी घरी बसला असतात."

चार नव्हे. सहा पानी लिहिलं असतं.

"आता मी लिहिणार आहे," मी म्हणालो.

"कशाला? माझ्या माथी आळस आहे, तो राहू दे. मी सोसतोय ना!" पहिल्यांदाच आवाज चढला. "दहा महिने तोंड शिवून बसलो ते कशासाठी? फाईल मिटा."

परतताना भर उन्हात दोनदा वाट चुकलो. ओळखीचीच वाट.

१८ मार्च, सोमवार

हिला सगळं वाचून दाखवलं, माझं मे महिन्यातलं पत्रसुद्धा. तिने लपेटीच्या सहीवर बोट ठेवलं.

मग विचारलं, "नोकरी जाईल?"

"जाऊ शकते."

"दादाची राहील?"

"ते माहीत नाही. निदान आळस तरी पुसला जाईल."

"द्या मग पत्र."

तीन ओळींचं लिहिलं. एकही विशेषण नाही. आयुष्यातलं सर्वात लहान पत्र, आणि दिवस गेला त्यात.

२० मार्च, बुधवार

मालकीणबाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. घडी घातली.

"गुरुजी, मेहुण्यासाठी एवढं कोणी करत नाही. पण मी दुधखुळी नाही."

विश्वासच बसेना त्यांचा! वर्षभर मी खड्ड्यांना 'अंगवळणी पडणे' म्हणत होतो, ते त्यांनी विनातक्रार मानलं. पहिल्यांदा खरं लिहिलं तर म्हणे बनाव. मे महिन्यातलं पत्र दाखवलं. "तारेचा नंबर मला कळत नाही," म्हणाल्या, "तुम्हाला तरी कुठे कळतो?" बिनतोड.

मग पिशवीतून वजनकाटा काढला. दोन स्प्रिंगा काढल्या. त्यांच्या काचेच्या टेबलावर मांडल्या, फळी हातात दिली आणि म्हणालो, "दाबा."

दाबली त्यांनी. उभ्या राहून, पदर खोचून. एक, मग दुसरी. इंजिनीअर मुलीला बोलावलं. तिने पाच वाक्यांत सगळं सांगितलं, मला पाच पानं लागली असती. मालकीणबाई पुन्हा खाली बसल्या. चिठ्ठीतल्या 'अर्धा नंबर जाड' वर बराच वेळ त्यांचं नख फिरत होतं.

"या तारेच्या किती गाद्या गेल्यात बाहेर?"

"तीनशे चाळीस," मुलगी म्हणाली.

"परवा सांगते," मालकीणबाई म्हणाल्या. "काटा न्या घरी. पीठ सांडलंय टेबलावर."

२२ मार्च, शुक्रवार

निकाल!

"चूक तुमची, झाकपाक त्यांची," मालकीणबाई म्हणाल्या. "दोघांना काढलं तर ही चूक कशी झाली ते ठाऊक असलेलं एकही माणूस इथे उरणार नाही." दोघंही राहणार. मी पुन्हा सहा महिन्यांच्या बोलीवर. तीनशे चाळीस घरांना खरं कारण कळवायचं आणि गादी बदलून द्यायची. पत्रं मी लिहायची, हाताने. मेहुणे मशीनवरच. फक्त यापुढे मशीनवरची, वेढे किती ते ठरवणारी कळ पेटीत बंद, पेटीला कुलूप, किल्ली मुलीकडे. तारेचं प्रत्येक भेंडोळं मापून मगच लावायचं.

घरी सांगितलं. ही उठली, पडद्यांचा ढीग खुर्चीवरून उचलला आणि म्हणाली, "बसा." वर्षानुवर्षं त्या खुर्चीवर पडदेच बसत आलेत.

मेहुण्यांना बाहेर गाठून म्हणालो, "आळस पुसला!"

"हो," ते म्हणाले. "कुलूप लागलं."

घाईत होते.

२८ मार्च, गुरुवार

एकशे बारा पत्रं झाली. बोटाला घट्टा.

दुपारी स्प्रिंग विभागात जाऊन उभा राहिलो. आता रोज जातो. आवाजाची सवय होते. नवी तार आली होती, साडेबारा. (मागणीच्या पत्राला तीन जणांच्या सह्या.) मुलगी भेंडोळं मापत होती — तीन ठिकाणी, वहीत लिहून. चांगलं काम करते. मेहुणे बाजूला उभे होते, हात पाठीमागे, दुसऱ्याच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे. माप बरोबर निघालं तेव्हा तिने हसून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही मान डोलावली. तारेला हात लावला नाही.

१ एप्रिल, सोमवार

दोनशे तीन.

७ एप्रिल, रविवार

मेहुणे आले. निकालानंतर पहिल्यांदाच. काल नोकरी सोडली! कोणी काढलं नाही, रागाने नाही, मालकीणबाईंनी दोनदा थांबवलं. "कुलूप चांगलंय, मुलगी चांगलीय," म्हणाले, "माझ्या हाताची गरज संपली. ती तुम्ही तीन ओळींत संपवलीत, जावईबापू. बरोबरच लिहिलंत." ओसरीवर जुन्या गाद्या दुरुस्त करायला घेणार आहेत. बसलेली स्प्रिंग काढायची, नवी घालायची, कड शिवायची. शिवायला बहीण. ही उद्यापासून जाणार. दोघांचं कधी ठरलं, मला पत्ता नाही.

मी म्हणालो, रविवारचा मी मोकळा असतो, पत्रव्यवहार बघत जाईन.

"नको," मेहुणे म्हणाले. "गिऱ्हाईक समोर उभं असेल. तोंडाने सांगू."